नायनांसाठी बोलणारा स्पीकर घ्यायचाय, खाली मागांचा खडखडाट. कोणता घ्यावा?

धोटा_सोलापूर (प्रश्न)

मंडळी, नमस्कार. थोडं लांबलचक होणार आहे, पण घरची सगळी परिस्थिती सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही.

आमचं घर अशोक चौकातून आत. खाली कारखाना, टॉवेलचे आठ माग. वर आम्ही राहतो. वडील, म्हणजे आमचे नायना, ७६ वर्षांचे. अख्खं आयुष्य मागावर गेलं, आधी दुसऱ्याच्या, मग स्वतःच्या. काचबिंदूनं डावा डोळा गेला. उजव्यानं नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढंच दिसतं. सूत चिमटीत चोळून अजूनही काऊंट (सुताची जाडी-बारकी) सांगतात, दहाचं की विसाचं, आणि चुकत नाहीत. पण भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही. दिवसातून वीस-पंचवीस वेळा जिन्यातून ओरडतात, "टैम एंत आयिंदि रा?" म्हणजे किती वाजले रे. मी खालून ओरडून सांगतो, मागांच्या आवाजात त्यांना ऐकू जात नाही, ते परत ओरडतात. कामगारांना आता हे पाठ झालंय, मी नसलो तर तेच उत्तर देतात.

त्यात डोळ्यांचे थेंब. दोन बाटल्या. डॉक्टरांनी सांगितलंय की पहिला थेंब टाकल्यावर दुसरा निदान पाच मिनिटांनी टाकायचा, नाहीतर पहिला धुवून निघतो. नायना अंदाजानं पाच मिनिटं मोजतात. त्यांची पाच मिनिटं दीड मिनिटाची असतात, मी घड्याळ लावून बघितलंय.

म्हणून हवा तो आवाजावर चालणारा स्पीकर. वेळ सांगेल, थेंबांची आठवण करेल, पहाटे व्यंकटेशाची स्तोत्रं आणि दुपारी अभंग लावेल. बजेट पाच-सहा हजार. पडद्याचा घेऊन उपयोग नाही, दिसणार कोणाला?

अडचण भाषेची. नायना माझ्याशी तेलुगू बोलतात, बायकोशी मराठी (ती बार्शीची), कारखान्यात आपली सोलापुरी हिंदी. इंग्रजीत "बॉबिन", "बीम", "ब्रेकडाऊन" एवढंच. नवी पेठेत एका दुकानात गेलो होतो. विक्रेता म्हणाला, "सगळ्या भाषा येतात ओ याला." मी मराठीत वेळ विचारली तर यंत्रानं इंग्रजीत माफी मागितली. तो लगेच मला बाजूला सारून स्वतः "व्हॉट टाइम" म्हणाला आणि माझ्याकडं असा बघितला, जणू चूक माझीच होती.

बायकोचा प्रश्न वेगळाच आहे. ती म्हणते, हे दिवसभर घरातलं ऐकत बसणार, म्हणजे सासूपेक्षा वाईट की!

---

हिंजवडीतला_सोलापूरकर

दादा, मी मूळचा साखर पेठेतला, आता पुण्यात. माझ्याकडं अलेक्साही आहे आणि गूगलचा छोटा स्पीकरही, दोन्ही कामाच्या निमित्तानं रोज हाताळतो.

भाषेचं आधी, कारण तुमचं गाडं तिथंच अडलंय. ॲमेझॉनचा इको (ज्यात अलेक्सा बोलते तो स्पीकर) भारतात २०१७ मध्ये आला तेव्हा फक्त इंग्रजी होती, हिंदी आली २०१९ मध्ये. गूगलचे स्पीकर आपल्याकडं २०१८ मध्ये आले. गूगल असिस्टंटला मराठी येते हे खरं आहे, पण ती फोनवर. माझ्या स्पीकरच्या सेटिंगमध्ये आपल्याकडच्या भाषा दोनच दिसतात, इंग्रजी आणि हिंदी. अलेक्साचंही तेच. दुकानदारानं बहुतेक फोनवरचं ऐकून स्पीकरला चिकटवलं. मराठी गाणी लागतात, मराठी बोलणं कळत नाही, हा फरक लोक गाळतात.

पण नायनांना हिंदी येते ना? मग भाषेचा अर्धा प्रश्न सुटला. ॲपमध्ये हिंदी आणि इंग्रजी दोन्ही एकदम चालू ठेवता येतात. "टाइम क्या हुआ" एवढं तो नक्की ओळखेल. शेवटी "की" लावला तरी चालतं, माझी आई तसंच बोलते.

आता खडखडाट. हे यंत्र सतत ऐकतं ते फक्त स्वतःचं नाव. ते नाव ओळखण्याचं काम आतल्या आत होतं. नाव ऐकू आलं की दिवा लागतो आणि पुढचं वाक्य इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडं जातं. आत एकापेक्षा जास्त माइक असतात. आवाज कुठल्या माइकवर आधी पोचला, कुठल्यावर क्षणभर उशिरा, यावरून बोलणारा कुठल्या बाजूला आहे ते यंत्र ताडतं आणि बाकीच्या दिशांचा आवाज दाबतं. पंख्याची घरघर एकसारखी असते, ती सहज गाळली जाते. माग तसा नाही, धोटा (आडवा धागा नेणारा) प्रत्येक फेरीला आदळतो. मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो, तिथं माणसाला माणसाचं ऐकू येत नाही तर याला काय येणार? वरच्या मजल्यावर, दार लावून, रस्त्याकडची किंवा जिन्याकडची खोली सोडून ठेवलात तर जमायला हरकत नाही. जमिनीवर किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागांचा हादरा येईल. नायना बसतात तिथून हात-दोन हातांवर, छातीच्या उंचीला.

मॉडेलमध्ये मी इको डॉट सांगेन, दुसरा इको पॉप, दोन्ही इकोचेच छोटे प्रकार. पाचव्या पिढीचा डॉट आला तेव्हा त्याची किंमत ५,४९९ होती आणि पॉपची ४,९९९. सेलमध्ये दोन्ही बरेच खाली येतात. पॉपचा आवाज एकाच बाजूनं येतो, तो कोपऱ्यात ठेवायला बरा. एक लक्षात घ्या, पाचव्या पिढीच्या डॉटला वायर जोडायचं भोक नाही, तिसऱ्या-चौथ्या पिढीला होतं. घरात जुना ॲम्प्लिफायर असेल तर जोडणी ब्लूटूथनंच करावी लागेल. ॲपलच्या होमपॉड मिनीच्या नादी लागू नका. तो सुरू करायलाच आयफोन किंवा आयपॅड लागतो.

वहिनींना सांगा, वर माइक बंद करायचं बटण असतं. दाबलं की लाल दिवा लागतो आणि यंत्र बहिरं होतं. आधी बोललेलं ॲपमधून पुसताही येतं.

---

धोटा_सोलापूर

बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, सासूला असं बटण असतं तर. (आई हसली, म्हणून इथं लिहितोय.)

---

जुळे_सोलापूरची_काकू

धोटादादा, मी काही कॉम्प्युटरवाली नाही. शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त. माझ्या ८१ वर्षांच्या सासऱ्यांसाठी आम्ही हे यंत्र घेतलं. त्यांच्याबरोबर तीन वर्षं काढली आहेत, त्यातलं सांगते.

म्हाताऱ्या माणसाला यंत्राचं नाव आधी घ्यायचं हेच पटत नाही. सासरे आधी अख्खा प्रश्न विचारायचे आणि शेवटी "अलेक्सा" म्हणायचे, जसं आपण "चहा झाला का गं सुमन" म्हणतो तसं. यंत्र गप्प. मग रागवायचे, की हिला ऐकू येत नाही. दुसरी गोष्ट, नाव घेतल्यावर ते थांबायचे. समोरून "ओ" येईल म्हणून. तेवढ्यात दिवा विझायचा. पहिले पंधरा दिवस यातच गेले. मी त्यांना देवळातल्या घंटेचं उदाहरण दिलं: आधी घंटा, लगेच मागणं. ते बरोबर बसलं. तेव्हा तुम्ही पहिल्या आठवड्यात निकाल देऊ नका.

आता मराठीची युक्ती. ॲपमध्ये रूटीन म्हणून एक भाग आहे. त्यात आपण ठरवलेला शब्द म्हटला की आपण ठरवलेलं काम होतं. मी मराठी वाक्य घालून बघितलं, दहातून चार वेळा चालायचं. मग लक्षात आलं, शब्द असा निवडायचा जो हिंदीतही तसाच आहे आणि छोटा आहे. आमच्याकडं "राम राम" म्हटलं की अभंग लागतात. "आराम" म्हटलं की सगळं बंद. "दवा" म्हटलं की गोळ्यांची वेळ सांगतं. मराठीत "औषध" म्हटलं तर त्याला काय ऐकू यायचं देव जाणे, एकदा त्यानं अवधबद्दल माहिती सांगायला सुरुवात केली.

आणि सगळं बोलूनच व्हायला पाहिजे असंही नाही. रूटीन घड्याळावरही लागतं. पहाटे साडेपाचला कोणी काही न बोलता स्तोत्रं सुरू होतात, आवाज तीनवर. तुमच्या नायनांना पहाटे हिंदी बोलायची गरजच पडणार नाही.

थेंबांसाठी आठवण लावताना वाक्य तुम्हाला हवं ते टाका. नुसता "रिमाइंडर" म्हटलं तर म्हाताऱ्यांना कशाचा ते कळत नाही. आणि पाच मिनिटांचा टायमर तर याचं सगळ्यात उपयोगी काम. माझा कुकर, पिठलं, आमसुलाचं सार, सगळं त्याच्यावर चालतं.

शेवटचं, पैशाचं. गाण्यांची वर्गणी आहे की नाही ते आधी बघा. फुकटच्या सेवेवर नेमकं पाहिजे ते गाणं लागेलच असं नाही, त्याच्यासारखं दुसरं लागतं, मधे जाहिराती येतात. अभंगाच्या मधे साबणाची जाहिरात लागली की आमचे सासरे हात जोडलेले सोडून द्यायचे. आणि आवाजावरून खरेदी करायची सोय ॲपमधून बंद करा. नातवानं काय मागवलं होतं ते मी सांगत नाही.

---

वायरमन_अण्णा

तुम्ही विचारालाव म्हणून सांगालोय, नाहीतर हे मोठे लोक अलेक्सा-गूगल करत बसतात आणि लाईट गेल्यावर काय ते कोणी सांगत नाही.

स्पीकरला बॅटरी नसते. डॉटचा अडॅप्टर १५ वॅटचा, घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो. पण राऊटर बंद पडला की स्पीकर नुसता डबा. उन्हाळ्यात लाईट किती वेळा जाते ते अशोक चौकात राहून तुम्हाला मी काय सांगू. राऊटरचा अडॅप्टर बघा, बहुतेक १२ व्होल्टचा असतो. त्याला छोटा मिनी यूपीएस मिळतो, तो लावा. राऊटर कारखान्याच्या ऑफिसात खाली असेल तर वर आणा. लोखंडी माग, मोटरी, जाड स्लॅब, यातून वायफाय वर जाईपर्यंत अर्धमेलं होतं.

आणि एक. स्पीकर आला की लोकांना सगळंच बोलून चालू करायची हौस येते. स्मार्ट प्लग आणतात आणि पाण्याची मोटर त्याच्यावर टाकतात. ओ, दिव्याला, टेबल फॅनला ६ अँपिअरचा प्लग ठीक आहे. गिझरला १६ अँपिअरचाच पाहिजे. मोटर सुरू होताना करंट एकदम कितीतरी पट ओढती, तिथं प्लग लावूच नका, कॉन्टॅक्टर-स्टार्टरचंच काम ते. माझ्याकडं असे वितळलेले चार प्लग पडलेत, येऊन बघा. हे प्लग बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, राऊटरवर ते चालू ठेवा, नाहीतर जोडताना दोन तास डोकं धरून बसाल आणि मग मला फोन कराल.

थेंबांचा भरवसा एकट्या स्पीकरवर ठेवू नका. साधं चावीचं गजराचं घड्याळ पण राहू द्या.

---

बटणवाला

सगळ्यांनी स्पीकर गृहीत धरलाय. मी उलटं विचारतो, कशाला?

कारवां नावाचा रेडिओसारखा डबा २०१७ पासून मिळतो, त्यात गाणी भरलेलीच येतात, मराठीचाही आहे. नेट नको, वर्गणी नको, लाईट गेली तरी बॅटरीवर चालतो. वेळ सांगणारं घड्याळही मिळतं, बटण दाबलं की बोलतं. तुम्हीच लिहिलंय की नायना बोटांनी सुताचा काऊंट ओळखतात. मग ज्या माणसाच्या बोटांत डोळे आहेत त्याला तुम्ही गुळगुळीत गोळा देऊन "हिंदीत बोला" का म्हणताय? बटण द्या की! बटणाला भाषा लागत नाही.

---

धोटा_सोलापूर

बटणवाले, हे मनाला लागलं. खरं सांगतो, रात्री झोपताना तेच डोक्यात होतं. पण थेंबांची आठवण बटण करत नाही, ते दाबायची आठवण राहिली पाहिजे. बाकी तुमचं म्हणणं नाकारता येत नाही.

---

हिंजवडीतला_सोलापूरकर

बटणवाल्यांशी मी निम्मा सहमत. नायनांनी कधी "अलेक्सा" म्हणून बघितलंय का? भाच्याचा, शेजाऱ्याचा कोणाचा तरी जुना डॉट आठवडाभर आणून ठेवा. विकत घेण्याआधी त्यांचा आवाज आणि तुमचा खडखडाट दोन्ही तपासून होईल.

---

धोटा_सोलापूर (साडेतीन आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, मधे टॉवेलची मोठी ऑर्डर होती.

मेहुण्याचा तिसऱ्या पिढीचा डॉट आणून ठेवला. सगळ्यात आधी आवाजाचं. मी समजत होतो माग जिंकतील. पण नायना पन्नास वर्षं मागांवरून ओरडून बोललेले. त्यांनी "अलेक्सा" म्हटलं की शेजारच्या घरातली असती तरी ती उठली असती. मागच्या खोलीत, दार अर्धं उघडं, आठही माग चालू, तरी दहातून आठ-नऊ वेळा ऐकते. माझं मात्र ऐकत नाही. मी हळू बोलतो म्हणे. कामगारांना यात फार मजा वाटली.

त्रास झाला तो नावाचा. "अलेक्सा" नायनांच्या जिभेवर "अलक्षा" व्हायचं, म्हणून मी ॲपमध्ये नाव बदलून "एको" केलं. चार दिवस काही कळेना, यंत्र मधेच आपोआप जागं व्हायचं, निळा दिवा, आणि काहीतरी उत्तर द्यायचं. एकदा भर जेवणात हिंदी बातम्या सुरू झाल्या. मग मुलीनं शोधून काढलं. बायको मला हाक मारते ती "अहो, ऐका ओ". त्या यंत्राला "एको" ऐकू यायचं. बारा वर्षं ती हाक मारते आणि मी उठत नाही, हा मुद्दा त्या दिवशी घरात बराच चघळला गेला. परत "अलेक्सा" ठेवलं. "अलक्षा"लाही ती बऱ्याचदा ओ देते, आम्ही उगाच घाबरलो.

काकू, घंटेचं उदाहरण नायनांना तेलुगूत सांगितलं, दुसऱ्या दिवशी जमलं. पहाटेचं रूटीन साडेपाचला नाही, पाचला लावलंय, नायना त्याआधीच जागे असतात आणि वाट बघत पडून राहतात. "दवा" शब्द तुमच्याकडून उचलला. नायना पहिला थेंब टाकून "पाँच मिनट" म्हणतात, टायमर वाजला की दुसरा. पहिल्या दिवशी टायमर वाजायच्या आत दोनदा म्हणाले, हिचं घड्याळ सावकाश चालतं. मी काही बोललो नाही.

अण्णा, राऊटर वर आणला. तुमचं खरं होतं, खाली असताना वरच्या खोलीत एक दांडी यायची, आता पूर्ण येतात. स्मार्ट प्लग एकच घेतला, टेबल फॅनला. मोटरीला हात लावलेला नाही, शपथ.

मेहुण्याचा डॉट परत द्यावासा वाटेना, म्हणून त्याला नवीन पाचव्या पिढीचा घेऊन दिला आणि जुना आम्ही ठेवला. जुन्याला वायरचं भोक आहे, तो नायनांच्या १९९० च्या आसपासच्या ॲम्प्लिफायरला जोडलाय. आवाज असला दणदणीत की पाच वाजता समोरचे पण उठतात. आवाज तीनवर ठेवायचा काकूंचा सल्ला मी आधी नीट वाचला नव्हता.

बटणवाले, तुमच्यासाठी. बोलणारं घड्याळही आणलं, त्याचं बटण उठावदार आहे. नायना ते उशीशेजारी ठेवतात. रात्री दोनला जाग आली की घरातलं कोणी उठू नये म्हणून तेच दाबतात. दिवसा अलेक्सा, रात्री बटण. ही वाटणी त्यांनी स्वतः केली, मी नाही.

माइकचं बटण बायको रोज दुपारी बहिणीचा फोन आला की दाबते. लाल दिवा दिसला की मुलगी ओळखते, मावशी लाईनवर आहे.

मिनी यूपीएस अजून घेतलेला नाही. परवा दुपारी लाईट गेली. माग थांबले, पंखा थांबला, स्पीकर गप्प. एकदम शांत झालं आणि जिन्यातून आवाज आला, "टैम एंत आयिंदि रा?" मी खालून सांगितलं, तीन वाजून दहा. ओरडावं लागलं नाही, पहिल्यांदाच ऐकू गेलं.